आवाज बंद करून खेळायचा गेम

आमच्या घरातल्या व्हिडिओ गेमला आवाज होता, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. तोवर मी समजत होते की तो मुकाच असतो. बातम्यांना आवाज होता, जाहिरातींना तर नको इतका होता. पण गेम लावायचा म्हणजे आधी टीव्हीचं गोल बटण पार डावीकडे फिरवायचं, आवाज अगदी शून्यावर न्यायचा आणि मगच कॅसेट खोचायची, हा क्रम माझ्या हाताला इतका बसला होता की त्याला काही कारण होतं हेसुद्धा मी विसरून गेले होते.

कारण टीव्हीसमोरच झोपलेलं असायचं. माझे पप्पा फोर्जिंगच्या कंपनीत होते. लालभडक लोखंडावर मशीनचा घण पडतो आणि त्याचा हादरा जमिनीतून पायात, पायातून दातांत चढतो, असं ते सांगायचे. तिथे घण पडत असताना उभ्या उभ्या डुलकी लागते म्हणायचे, आणि घरी साधा चमचा पडला तरी ताडकन उठून बसायचे. हे कसं काय, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात ते रात्रभर काम करून सकाळी यायचे, आंघोळ करून दोन भाकऱ्या खायचे, डोळ्यांवर ओला पंचा टाकून जमिनीवर आडवे व्हायचे, ते दुपार कलेपर्यंत.

आकुर्डीतली आमची जागा दीड खोलीची. अर्ध्यात स्वयंपाक. उरलेल्या एकीत टीव्ही, कपाट, आईच्या कामाची पोती आणि पप्पा. सकाळच्या शाळेतून मी परत आले की चपला बाहेरच काढायचे आणि पप्पांच्या पायांना वळसा घालून आत जायचे. ते घोरायचे. साधंसुधं नाही. श्वास आत जाताना बारीक शिट्टी, मग इतका मोठा खंड की ऐकणाऱ्यालाच कासावीस व्हावं, आणि मग सगळी हवा एकदम बाहेर. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे घड्याळाची गरज नाही. पप्पांना स्वतःच्या घोरण्यानं कधी जाग आली नाही. बाकी कशानंही यायची.

आई घरबसल्या रबर कापायची. गाड्यांना लागणाऱ्या रबराच्या चकत्या एका वर्कशॉपमधून पोत्यानं यायच्या. साच्यातून काढल्यावर त्यांच्या कडेला जादा रबर लोंबत राहतं, ते कात्रीनं गोल कापून टाकायचं. आईचा हात असा फिरायचा की चकती फिरतेय की कात्री, ते कळू नये. मराठवाड्यातून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा तिला बस कुठे थांबते हेही माहीत नव्हतं. पण या कामात वर्षभरात गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या पुढे गेली. आमच्या घराला कायम रबराचा वास. पुढे कॉलेजात कुणी म्हणालं की तुझ्या वह्यांना टायरचा वास येतो, तेव्हा मला राग आला होता. आता तो वास कुठे आला तर मी थांबते.

गेम पप्पांनीच आणला. दिवाळीच्या बोनसमधून, पिंपरी कॅम्पातून, माझ्यासाठी म्हणून. एक करड्या रंगाचा डबा, त्याला वायरीनं जोडलेले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं होतं की तिच्यात हजारो गेम आहेत. खरे होते मोजून थोडे, बाकी सगळे तेच ते, फक्त नावं बदललेले. एवढी राजरोस फसवणूक मी नंतर फक्त घरांच्या जाहिरातींत पाहिली. त्यातला एक गेम आमचा झाला. त्याचं नाव परक्या लिपीत होतं, आम्हाला वाचता येणं शक्यच नव्हतं. पाठीवर गाठोडं घेतलेला एक ठेंगणा माणूस डावीकडून उजवीकडे चालत जातो, वाटेत नद्या लागतात, नद्यांवर पूल. कुठला पूल डुलतो, कुठला आपण पाय ठेवला की कोसळतो. हा माणूस कुठून आला, कुठे निघालाय, गाठोड्यात काय आहे, काही कळायचं नाही. आई म्हणाली, "कामाला निघाला असंल." आम्ही त्याला गाठोडेवाला म्हणायला लागलो.

खेळायला मी आधी शिकले, पण आईनं रिमोट हातात घेतला आणि माझा विषय संपला. कापलेल्या चकत्यांचं पोतं भरलं की ती भिंतीला टेकून बसायची, पदर खोचायची आणि रिमोट मांडीवर ठेवायची. तिची नजर पडद्यावर, अंगठे आपापल्या कामात. मी शेजारी. बोलायचं नाही. गाठोडेवाला पाण्यात पडला की तोंडावर हात दाबायचा. जिंकलो तर मांडीवर बिनआवाजाची थाप मारायची. पडदा ओढलेला असायचा, टीव्हीचा निळसर उजेड पप्पांच्या पंचावर हलत असायचा आणि पंखा एका बाजूला कलून फिरायचा. बाहेर कुणी भंगारवाला ओरडत गेला तरी तो दुसऱ्याच गावातून गेल्यासारखा वाटायचा. त्या दुपारी मला जागेपणीच्या म्हणून आठवतच नाहीत. आपण तिघंही झोपलोय आणि तिघांना मिळून एकच स्वप्न पडतंय, असं मला तेव्हाही वाटायचं.

सगळ्यात अवघड होता तुटका पूल. तिथे नदीवर पूलच नव्हता. हवेत फळ्या उमटायच्या आणि विरून जायच्या. फळी दिसल्यावर उडी मारली तर उशीर झालेला असायचा, ती दिसायच्या जरा आधीच उडायचं. मला ते एकदाही जमलं नाही. आई काठावर गाठोडेवाल्याला उभं करायची आणि थांबायची. खूप थांबायची. मी कोपरानं ढोसायचे, जा ना, जा ना. ती मान हलवायची, एकदा पप्पांकडे बघायची आणि मग एकदम निघायची. फळी, फळी, फळी, आणि पलीकडे. पप्पांकडे ती का बघते, ते उघडच होतं. त्यांना जाग तर येत नाहीये ना, याची धास्ती. तुटक्या पुलाच्या पुढे आणखी एक मोठा पूल लागायचा, तिथपर्यंत पोचेस्तोवर पप्पांची उठायची वेळ व्हायची. आई आधीच डबा बंद करून चहा टाकायला उठायची. त्या मोठ्या पुलापलीकडे काय आहे ते आम्ही कधी पाहिलं नाही.

पप्पांनी तर काहीच पाहिलं नाही. बाकीच्या आठवड्यांत मी शाळेत, ते कामावर किंवा मित्रांत. त्यांची सुट्टी गुरुवारी, कारण आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारीच असते. आणि कंपन्या बंद म्हणून लाईट जायची तीही गुरुवारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे ज्या दिवशी पप्पा जागे असून घरी असायचे, त्याच दिवशी टीव्ही मेलेला. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "कुठवर गेलं गाठोडं?" आई म्हणायची, "गेलं की लांब." "दाखव की एकदा." "लाईट आल्यावर." लाईट यायची तेव्हा बातम्यांची वेळ झालेली असायची.

गेल्या वर्षी पप्पा गेले. झोपेत गेले, त्यांच्यासारखेच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गावाकडची माणसं आली, गेली, सतरंज्या परत केल्या, आणि आई त्या जागेत एकटी राहिली. आता तिथे दीड खोली नाही, पप्पांनी वर एक मजला चढवलाय, पण आई खालच्याच खोलीत असते. मी मोशीला राहते, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. "चल माझ्याकडे" म्हटलं तर ती नाही म्हणायची. काय हवंय विचारलं तर काही नको. साडी नको, औषध नको, गावाला जायला नको. माझीही सुट्टी गुरुवारीच, फक्त आता लाईट जात नाही. दर गुरुवारी मी जायचे तर ती तशीच बसलेली. डोळ्यांखाली काळं. झोप येत नाही म्हणायची. डॉक्टरांनी गोळी दिली तर दिवसभर गुंगीत आणि रात्री पुन्हा टक्क. जेवायला वाढलं की जेवायची, नाही वाढलं तर विसरायची. मला भीती वाटायला लागली होती. सरळ सांगते, मला वाटायला लागलं होतं की तीही जाणार, फक्त सावकाश.

एका गुरुवारी मी भांडी घासत होते, तर मागून तिचा आवाज आला. "बाई, आपला गेम कुठं असंल गं?"

मी नळ बंद केला. पप्पा गेल्यापासून तिनं मागितलेली ती पहिली वस्तू. मला काय करावं सुचेना. त्या क्षणी तिनं विमान मागितलं असतं तरी मी चौकशीला निघाले असते.

माळ्यावर सापडला. शेवेच्या डब्यात कॅसेट, बोचक्यात डबा, एका रिमोटची वायर उंदरांनी खाल्लेली. अडॅप्टर वितळून गोळा झालेला. आईनं रिमोट हातात घेतला आणि अंगठ्यानं बटण दाबून पाहिलं. "रबर मेलंय," ती म्हणाली. रबरातलं तिला कळतंच. नवा अडॅप्टर घ्यायला मी पिंपरी कॅम्पात गेले, तर दुकानातला पोरगेला मालक डब्याकडे असा बघायला लागला जसा मी उत्खननातून आलेय. "ताई, हे कशाला? मोबाईलवर सगळं फुकट मिळतं." मी म्हटलं, तू अडॅप्टर दे. बटणांखालचं रबर मी कंपनीतल्या एकाकडून तसल्याच मापाचं मिळवलं. कॅसेटचे पितळी दात आम्ही लहानपणी फुंकर मारून साफ करायचो. आता वाचलं की त्या फुंकरीनंच ते गंजतात. इतकी वर्षं प्रेमानं फुंकर मारून आपणच त्यांचं वाटोळं केलं. मग पार्ट पुसायच्या स्पिरिटनं बसून पुसले.

पुढचं संकट टीव्हीचं. आईकडे भिंतीवरचा चपटा टीव्ही आहे, मीच घेऊन दिलेला. त्याच्या पाठीला जुनी वायर लागेल असं एकही भोक नाही. त्यासाठी मध्ये जोडायची एक डबी मागवली. चित्र आलं. गाठोडेवाला आडवा ताणलेला, जाडजूड, सुजल्यासारखा. आईनं बटण दाबलं, तो जागचा हलला नाही, आणि मग पापणी लवण्याइतक्या उशिरानं उडाला, तोवर पूल गेलेला. पुन्हा तेच. नवे टीव्ही चित्र दाखवायच्या आधी त्याला आतल्या आत रंगवत बसतात, त्यात तेवढा वेळ जातो, असं माझ्या नवऱ्यानं शोधून काढलं. आई म्हणाली, "म्हातारा झालाय गं. माझ्यावाणी उशिरा उडायलाय."

नवरा म्हणाला, फोनवर घे. त्यानं कुठून तरी तोच गेम मिळवला, नावही वाचलं, पण मी त्याला ते सांगू दिलं नाही. आमच्या गाठोडेवाल्याला आता दुसरं नाव नको होतं. पण आईचा अंगठा काचेला कळेना. इतकी वर्षं रबर आणि कात्री धरून तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. रेशनच्या मशीनवरसुद्धा तिचा अंगठा चारदा पुसून लावावा लागतो. ती काचेवर दाबत राहिली आणि गाठोडेवाला काठावर शुंभासारखा उभा. त्यात त्या फोनमधून बँड वाजायला लागला. ताशे, पिपाण्या, वरातीसारखं काहीतरी. तेव्हा मला कळलं, की आमच्या गेमला आवाज होता. आईनं दचकून फोन उलटा ठेवला. "हा आपला नव्हं," ती म्हणाली.

नवऱ्याचं मन चांगलं आहे, पण त्याला एक सवय आहे, कुठल्याही विषयातून तो माझ्या घोरण्यावर येतो. म्हणाला, "त्या बँडपेक्षा तुझा आवाज मोठा असतो." मी घोरत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा वाद मी एकदाही हरलेले नाही. एकदा त्यानं फोनवर टिपून मला ऐकवलं होतं, तर मी सांगितलं की हा फ्रीजचा आवाज आहे आणि मेकॅनिकला बोलाव.

मुद्दा असा, की जुना डबा टीव्हीच हवा होता, पाठीला कुबड असलेला, काचेवर हात फिरवला की केस उभे करणारा. पूर्वी असे टीव्ही कुदळवाडीच्या भंगारात रचून ठेवलेले असत. आता शोधून मिळेना. कंपनीच्या कँटीनमध्ये मी हे सांगत होते, तर स्टोअरमधला एक जण, राजगुरुनगरच्या पुढून येतो, जेवता जेवता म्हणाला, "हाय की आमच्यात. न्हाई कोण बघत, वर कोंबडीची पाटी ठिवलीय." किती घ्याल विचारलं तर त्याला वाईटच वाटलं. "आवो मॅडम, न्या. आमी काय लोणचं घालणार हाय व्हय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी तो टीव्ही घेऊन कंपनीच्या बसनं आला, आणि गेटवर आल्यावर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आत न्यायचा कसा. आमच्याकडे गेटमधून आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढायला गेटपास लागतो. घरचा टीव्ही आत नेला की संध्याकाळी तो कंपनीचा नाही हे सिद्ध करत बसावं लागलं असतं. आम्ही दोघं, रोज हा गेट ओलांडणारी माणसं, टीव्ही मध्ये ठेवून एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी माझ्या बसच्या ड्रायव्हरला दया आली. टीव्ही दिवसभर बसमध्ये, खिडकीकडेच्या सीटवर बसून राहिला. संध्याकाळी त्याच्या शेजारी मी. मागची सीट विचारते, पाव्हणे कुठवर?

तो प्रवास मला अजूनही फार छान वाटतो. मांडीला टीव्हीचा कोपरा टोचत होता आणि त्याच्या बंद काचेत अख्खी बस दिसत होती, उलटी. दमलेली माणसं, कुणाची मान पडलेली, कुणाचं तोंड उघडं. त्यांच्या डोक्यांवरून मागे मागे जाणारे कंटेनर, धाबे, गोदामांचे दिवे. मोशीचा पूल आला आणि इंद्रायणी त्या काचेतून सरकत गेली, जराशी वाकडी, करडी. वाटलं, गाठोडेवाला असाच कुठेतरी बसून नद्या ओलांडत असेल, आणि त्याला वाटत असेल की आपणच चाललोय. माझं घर आलं तरी मी उतरले नाही, तशीच पुढे आईकडे गेले.

टीव्ही लागला. चॅनेल शोधायला बटण फिरवत राहिले, मुंग्या, मुंग्या, आणि त्या मुंग्यांतून हळूहळू गाठोडेवाला आला. बारका, ठिपक्या ठिपक्यांचा, अगदी आपला. आईनं पदर खोचला. भिंतीला टेकून बसली. पहिला पूल, दुसरा पूल, तिचे अंगठे जुनी वाट धरल्यासारखे चालत होते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पडद्याकडे नाही. तिच्या तोंडावर काहीतरी परत येत होतं. मला इतका आनंद झाला की मी उठून उगाच चहा केला.

तुटक्या पुलाशी ती थांबली. नेहमीसारखी थांबली, मान थोडी कलती करून. खूप वेळ. मग उडाली आणि पाण्यात. पुन्हा. पाण्यात. फळी यायच्या फार आधी नाहीतर फार नंतर. मी म्हटलं, सवय गेली असेल. म्हटलं, रबर नवीन आहे. म्हटलं, आवाज लावून बघू, आणि बटण फिरवलं, तर लक्षात आलं की प्रत्येक फळी उमटायच्या आधी बारीक 'टक' असा आवाज होतो. जगभरच्या पोरांनी तो ऐकून उड्या मारल्या असणार. मी उत्साहानं तिला समजावलं, टक झालं की उडायचं. आईनं हात लांब करून आवाज शून्यावर नेला. खोलीत झोपलेलं कुणी नव्हतं. "डोकं उठतंय," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दोन-तीन गुरुवार तेच. गाठोडेवाला काठापर्यंत जायचा आणि बुडायचा. मग एकदा तिनं रिमोट खाली ठेवला आणि तो वायरीनं नीट गुंडाळला. "राहू दे बाई. झालं खेळून." ती चिडली असती तर मला चाललं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली आणि पुन्हा तशीच बसली, पप्पा गेल्यावर बसायची तशी. मी बसमध्ये रडले. एवढ्या खटपटी करून मी तिला आणखी एक बंद झालेली गोष्ट दाखवली, असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी कंपनीत ग्राहकांची तपासणी होती. रात्रभर थांबावं लागलं. गुरुवारी सकाळी बस सुटली तेव्हा माझं डोकं इतकं बधिर झालं होतं की मोशी कधी मागे गेलं तेच कळलं नाही. आकुर्डीलाच जाग आली, मग सरळ आईकडे गेले. तिनं गरम पाणी काढलं, दोन भाकऱ्या वाढल्या. मी जेवता जेवता पेंगत होते. "पड जरा," ती म्हणाली. पलंगापर्यंत जायचं त्राण नव्हतं. मी तिथेच, टीव्हीसमोर, गार फरशीवर उताणी झाले.

जाग आली की नाही, ते नीट सांगता येत नाही. डोळ्यांवर ओलं काहीतरी होतं. पंखा एका बाजूला कलून फिरत होता. उन्हाची एक तिरीप पडद्याच्या फटीतून आली होती आणि बाकी सगळी खोली निळी. मी किती वर्षांची आहे ते मला आठवेना, आणि आठवायची घाईही वाटेना. वाटलं, शाळेतून आलेय, आता पायांना वळसा घालून आत जायचं. मग कळलं की पाय माझे आहेत. डोळ्यांवर पप्पांचा पंचा होता, तो मी जरासा वर केला. आई भिंतीला टेकून बसली होती, पदर खोचलेला, आणि पडद्यावर गाठोडेवाला अशा ठिकाणी चालला होता जी जागा मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तुटका पूल मागे राहिला होता.

"आई, पार केलास?"

तिनं मान वळवली नाही. "तू घोरायला लागलीस अन् जमलं," ती म्हणाली. "त्यांचा श्वास आत गेला की थांबायचं अन् बाहेर आला की उडायचं. मला दुसरं काय येतंय त्यातलं?"

मी घोरत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. लहानपणी ती काठावर थांबून पप्पांकडे बघायची ते मला दिसलं, आणि ती धास्ती नव्हती हे आत्ता, एवढ्या उशिरा, कळलं. ती त्यांच्या श्वासाची वाट बघायची. ज्या गेमचं एक चित्रही पप्पांनी पाहिलं नाही, तो ते दोघं मिळून खेळत होते. मला रडूही येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही आवाज न करता आवरायची सवय त्याच खोलीतली.

"उठू नको," आई म्हणाली. "आणिक एक पूल हाय. मोठा."

पडद्यावर गाठोडेवाला त्या शेवटच्या काठाशी उभा होता. मी पंचा पुन्हा डोळ्यांवर ओढला. झोप आता कुठली यायला. म्हणून मग जमेल तसं, पप्पांसारखं, आत शिट्टी, मोठा खंड, बाहेर सगळी हवा, असं सुरू केलं.

"तसलं नको," आई म्हणाली. "खोटं घोरायलीस. माझा हात चुकतोय. खरं झोप."

मग मी खरंच झोपले.